तारेवरचं चीवर

आमच्या आत्याची एक गोष्ट सांगतो. भरवेलीकडच्या एका विहारातले भंतेजी दारू पितात, हे साऱ्या वस्तीले माहीत. तरी आत्या दर पौर्णिमेले बालाघाटहून त्यांच्यासाठी जेवणाचा डबा नेते अन् तीनदा वाकून वंदन करते.

मी एकदा म्हटलं, "अशा माणसाले काहून वाकते वो?"

"माणसाले नाही रे, त्याच्या अंगावरच्या चीवराले वाकते."

मागच्या पौर्णिमेले मीच तिले गाडीवर नेलं. भंतेजी चीवर धुऊन, तारेवर वाळत टाकून, लुंगी-बनियानवर ओट्यावर बसलेले. आत्यानं डबा त्यांच्यासमोर ठेवला, तारेपाशी गेली अन् ओल्या चीवराले तीनदा वंदन केलं.

भंतेजी म्हणाले, "उपासिका, मी इकडं बसलो आहो."

"हौ, दिसले ना," आत्या म्हणाली. "म्हणूनच डबा तिकडं ठेवला."