जिन्याचं वळण

बसच्या रांगेत मायलेकी उभ्या होत्या.

“काल शाळेत आगीची तालीम झाली. सगळी मुलं भराभर खाली उतरली.”

“मग तोंड का उतरलंय?”

“चाकाच्या खुर्चीतल्या मुलीला जिन्याच्या वळणावर एकटीलाच थांबवलं. आगीत लिफ्ट बंद असते ना.”

“मग बोलायचंस!”

“बोलले. तिचा वर्गच तळमजल्यावर आणा म्हटलं. मोठ्या बाई म्हणाल्या, शिकाऊ शिक्षिका आहेस, शिकाऊसारखी राहा.”

“बरोबरच आहे. आधी नोकरी पक्की होऊ दे, मग काय तो शहाणपणा कर.”

“ती मुलगी विचारत होती, ताई, खरी आग लागली तर मला न्यायला कोण येणार?”

“अगं बाई! काय सांगितलंस?”

“मी थांबेन तुझ्याजवळ, म्हटलं.”

“तू थांबणार? आगीत?”

“आई, मनगट दुखतंय.”

“उद्या पुन्हा जा त्या बाईंकडे. नोकरी गेली खड्ड्यात. वर्ग खाली आणायला सांग.”

बस आली, तरी आईने मनगट सोडलं नव्हतं.