टॅकल बॅगवरचे निलेशशेठ

मी, आरोही गंगाराम शिवगण, वय २६ वर्षे, व्यवसाय काजू फॅक्टरीत पॅकिंग, राहणार मांडवी, रत्नागिरी. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी कातळ रग्बी क्लबच्या महिला संघाची कप्तान आहे. क्लबचे प्रायोजक, बिल्डर निलेश सावंतदेसाई, यांची तक्रार आहे की मी त्यांच्या फोटोत पेंढा भरून तो मुलींकडून बडवून घेतला. गोष्ट खरी आहे. कारण लिहून घ्या.

क्लबचा पुरुष संघ व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. सामने टीव्हीवर दिसतात, म्हणून शेठ त्यांना पगार, हॉटेल आणि मालिशवाला देतात. आमची लीग टीव्हीवर नाही. का नाही, तर प्रायोजक नाही. प्रायोजक का नाही, तर टीव्हीवर नाही. हे मला शेठनीच समजावले. वर म्हणाले, "आधी मोठ्या व्हा गो, मग बघू."

तरी महिला दिनी त्यांनी आमचे प्रायोजकत्व जाहीर केले. प्रत्येकीला शाल आणि नारळ दिला. मार्चात, रत्नागिरीत, शाल! बाकी पैसा मैदानावरच्या फ्लेक्सला गेला. वर शेठ पंधरा फूट, खाली कोपऱ्यात आम्ही तिकिटाएवढ्या. त्यातही आमच्या संघातली सगळ्यात धाकटी पोरगी, संस्कृती, हिच्या जागी पुरुष संघातला सागर छापलेला.

आम्ही उघड्या कातळावर सराव करतो. तिथे मुलीला पाडले की गुडघ्याची साल निघते. म्हणून मी टॅकल बॅग मागितली. धडक मारून पाडायची ती जाड, उभी गादी. शेठ म्हणाले, "बघतो." शिमगा गेला, मिरग आला, शेठ बघतच होते. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात! शेवटी वाऱ्याने फ्लेक्स खाली आला, तेव्हा मी तो शिवून त्यात पेंढा भरला आणि सुंभाने आवळला.

चेहरा मुद्दाम बाहेर ठेवला का, असे साहेबांनी विचारले. होय, मुद्दाम. मात्र आमच्या खेळात खांद्याच्या वर धडक मारणे फाऊल असते, त्यामुळे मुलींनी शेठना फक्त पोटात मारले. मुलींचा टॅकल सुधारला, हेही लिहा.

आम्ही यंदा पहिल्यांदाच राज्य लीगच्या अंतिम सामन्यात पोचलो. सामना रविवारी मुंबईत आहे. बस शेठ देणार होते. आता म्हणतात, आरोही संघात असेल तर बस नाही. काल सगळ्यांसमोर म्हणाले, "माझ्या जिवावर खेळताय, विसरू नका." संस्कृती रडली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझा गुडघा पुढच्या हंगामाला टिकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यामुळे हा सामना माझा शेवटचा होता. मला तो खेळायचा होता.

माफी मागणार नाही. कसली मागू? संघातून नाव काढायला मात्र माझी हरकत नाही. पोरी जाऊ देत. पण आज काढणार नाही. रविवारी बस येऊ दे, पोरी आत बसू देत, ड्रायव्हर गिअर टाकू दे. चाक हलले की मी खाली उतरेन, त्याआधी नाही. शेठचा शब्द मला चांगला ठाऊक आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातले "निलेशशेठ यांच्याविषयी मला आदर आहे" हे वाक्य मी बोलले नव्हते, ते माझ्यासमोर खोडले. बाकी मी सांगितले तसेच आहे.