भिंतीपल्याडचं जपान

…"केशरबाईच्या साक्षीचं जमलं म्हणे, जपानच्या…" अन् तेवढ्यात नळ आला! सोजराबाई हंडा घेऊन पळाली, अन् पुढचं जपान माझ्या गळ्यात अडकवून गेली. आता तुमीच सांगा, अर्ध्या बातमीवर बाईमाणसानं भाकरी कशी थापायची? तसं मला काय करायचंय म्हणा! पण साक्षी माझ्या भिंतीपल्याडची पोरगी, अन् माझ्या बहिणीच्या बुद्धभूषणसाठी ती मी कव्हाची मनात धरलेली. पोराची पुण्यातली नोकरी पक्की झाली का शब्द टाकायचा, एवढंच ठरवून बसले व्हते, अन् मधातच हे जपान!

मग वाटलं, जपानी म्हणजे आपल्याच धम्माचे… कळमनुरीहून लांब पडंल, पण घर बराबर हाय. जड मनानं बहिणीला फोन केला, साक्षीचा नाद सोड, तिला जपानी भेटला. ती म्हणली, मग औंढ्याची पोरगी रविवारी पाहून घेते.

त्यातच दुपारी साक्षीच्या घरातून गाणं सुरू झालं. बाई गाते, शब्द एक कळत न्हाई, मधीच घंटी, मधीच बासरी. म्हणलं, लेकरू सासरची वंदना शिकून राहिलं! मग आपण काय नुसतं भांडी घासत ऐकायचं? पांढरी साडी नेसले, मेणबत्ती लावली, अन् भिंतीकडं तोंड करून हात जोडून बसले. रोज! मग सोजराबाई यायली, तिनंबी बातमी जपानपर्यंतच ऐकलेली निघाली! अन् तिच्यामागं गल्लीतल्या आणखी बाया यायल्या. मला काय करायचंय म्हणा, पण कोणी मधात खोकललं तरी मी डोळे वटारून राहिले.

शेवटी राहवलं न्हाई, विरजणाची वाटी घेऊन गेले. घरी दही गाडगंभर व्हतं, पण वाटीबिगर दुसऱ्याच्या घरात शिरावं तरी कसं? साक्षीला म्हणलं, "पोरी, ही वंदना सकाळची का सांजची?"

"कोणती वंदना, मावशी?" तिनं सीडीचं डबडं दाखवलं. वर चितारलेली पोरगी अन् कोल्हा. "जपानच्या कार्टून पिक्चरची गाणी हायेत ही. घंटी वाजते ना, तिथं कोल्ह्याचं पिल्लू चिखलात पडतं."

पडलं का पिल्लू? अन् मी त्याला पांढरी साडी नेसून हात जोडून राहिले…

तरी विचारलंच, मग जमलं ते कोणाशी?

केशरबाई आतून बोलली, "पुण्याहून ही सीडी पाठवणाऱ्याशी. त्याची मावशी शब्द टाकणार हाय म्हणला, आमी तिचीच वाट पाहून राहिलो." अन् माझ्याकडं पाहून हसली. "बुद्धभूषणची मावशी. वळखता का तुमी?"

वाटी तिथंच राहिली. अनवाणी एसटीडीवर पळाले, बहिणीला म्हणलं, "औंढ्याची थांबव."

"काहून?"

"तो जपानी तुझ्याच पोटचा हाय."

लग्न झालं, झ्याक झालं. पण मंडपात अर्धी गल्ली मलाच विचारून राहिली, जपानचे पाव्हणे कोण्या गाडीनं येऊन राहिले? म्हणलं, येतील न्हाईतर राहतील… मला काय करायचंय!