बाबांचं गाऱ्हाणं

आम्ही मूळचे कुडाळकडचे. म्हणजे बाबा तिकडचे, आम्ही दोघं भावंडं मुलुंडचीच. बाबा मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हा भांडुपला एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला लागले आणि तिथूनच रिटायर झाले, त्यात सांगण्यासारखं काही नाही, तेव्हा सगळ्यांचंच तसं झालं. सांगण्यासारखा होता तो त्यांचा आवाज. काय सांगू तुम्हाला, माणूस एवढासा, पण खालून बाय गो म्हणून मला हाक मारली की चौथ्या मजल्यावरच्या बायका गॅलरीत यायच्या, आणि आम्ही राहायचो दुसऱ्यावर.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. कुठलंही काम सुरू करायच्या आधी एका मोठ्या माणसाने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी व्हय महाराजा म्हणायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये तो मोठा माणूस म्हणजे बाबा. कोणाचं बारसं, कोणाचा नवा टेम्पो, कोणाच्या मुलीची दहावी. लिफ्ट बसवली तेव्हा लिफ्टपुढे नारळ ठेवून म्हणाले, बा महाराजा, ही जी पेटी वर जाता, ती खालीय येवंदे रे महाराजा. हसून हसून आमची वाट लागली, पण व्हय महाराजा सगळ्यांनी म्हटलं, तळमजल्यावरच्या गुजराती काकांनीसुद्धा.

मी अशी बोलणारी नाही. मी घाटकोपरला एका लॅबच्या काऊंटरवर असते, लोकांचे रिपोर्ट हातात देते. सोबत आलेले घरचे हळूच सांगतात, मॅडम, पेशंटला काही बोलू नका हं, आणि मी मान हलवते. इतकी वर्षं मान हलवत आले, त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही.

मग बाबांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी, मग ओव्याचा काढा, मग घशाचा डॉक्टर, आणि शेवटी कळलं की घशात कॅन्सर आहे. बाबांना आम्ही गाठ म्हणून सांगितलं. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मला आणि दादाला आत बोलावून सांगितलं की ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज कायमचा जाईल, आणि हे तुम्ही त्यांना तुमच्या घरच्या भाषेत समजावा, मग पुढे जाऊ. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, तू वेडी आहेस का, सांगितलंस तर ते नाही म्हणतील, आणि मग आपण काय करायचं, बघत बसायचं? दादा बोरिवलीला राहतो, त्या दिवसांत रोज यायचा, त्याला दोष देत नाही मी. जीभ माझीच होती. मी नाही सांगितलं.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी बाबांनाच विचारलं, काका, बेटीने सब समझाया ना? बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, हां हां, सब समझाया, लडकी लॅब में है मेरी. आणि माझ्याकडे बघून हसले.

ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी अख्खी बिल्डिंग आमच्या घरात. कोणी शिरवाळे आणले, कोणी तिसऱ्यांचं सुकं. शेजारचे बापू, बाबांचे जुने दोस्त, म्हणाले, अरे उद्या चाललंस तर एक गाऱ्हाणा घाल मां. बाबा खूश. मला म्हणाले, काय गो, आज एवढी माणसा कशी काय? मी म्हटलं, तुमच्यावर जीव आहे ना लोकांचा. मग देवापुढे उभे राहून, आवाज फाटत होता तरी, म्हणाले, बा महाराजा, ही घशातली गाठ एकदाची जावंदे आणि तुझो ह्यो लेकरू पुन्हा तुझ्यापुढे उभो रवान असोच बोलतलो असा कर रे महाराजा. आणि आम्ही सगळ्यांनी, आवाज जाणार हे एव्हाना माहीत असलेल्या सगळ्यांनी, व्हय महाराजा म्हटलं. मीसुद्धा म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला भोक आणि नळी. तोंड उघडलं, काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बाबा, आत गेल्यावर डॉक्टरांना कळलं की काढावंच लागेल. म्हणजे एक झाकायला दुसरं. ते पटलं त्यांना, हेच जास्त वाईट. डॉक्टरांना हात जोडले त्यांनी.

ते खोटं मी वर्षभर ओढलं. मग गणपतीत आरती झाल्यावर सगळे सवयीने बाबांकडे बघायला लागले, आणि बाबा खरंच पुढे झाले. हात जोडून नुसते ओठ हलवत होते. लोकांना त्यांचं थांबणं पाठ होतं, ते जिथे थांबले तिथे सगळे म्हणाले, व्हय महाराजा. माझ्या तोंडून काही निघेना. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात दोघंच होतो, मी सांगून टाकलं. म्हटलं, बाबा, मला आधीपासून माहीत होतं.

त्यांच्याकडे बोलायला पाटी असायची. त्यांनी लिहिलं, आणि कोणाक? मी म्हटलं, दादाला. बापूंच्या घराकडे बोट केलं, मी हो म्हटलं. वर बोट केलं, हो. खाली केलं, हो. मग त्या संध्याकाळच्या जागेकडे, देव्हाऱ्यापुढे, हात फिरवला गोल, की सगळ्यांना? मी म्हटलं, हो बाबा. त्यांनी पाटी पालथी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत. उन्हं उतरल्यावर उठून लिहिलं, माका इचारूक व्हया होता. मी म्हटलं, विचारलं असतं तर हो म्हणाला असतात? त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, चाय कर.

त्यानंतर मी सगळं विचारायला लागले. पंखा एकवर की दोनवर, पेज पातळ की घट्ट, गोळी आत्ता की मग. चिडायचे, हाताने म्हणायचे, पुरे गो बाय. मग दुखणं छातीत उतरलं, पुन्हा ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, आयसीयूत ठेवू, मशीन लावू, काही आठवडे मिळतील. दादा म्हणाला, लावा. मी म्हटलं, थांब. बाबांजवळ बसले आणि या वेळी सगळं सांगितलं, मालवणीत, काही न झाकता, की मशीन लावलं तर काय आणि नाही लावलं तर काय. ते ऐकत राहिले. मग मान हलवली, नाही. घराच्या दिशेने बोट केलं.

घरीच गेले ते, सकाळी, बापू पेपर वाचून दाखवत असताना.

दादा अजून म्हणतो, तू विचारलंसच कशाला, आजारी माणसाला कोणी असं विचारतं का, बाबा आणखी राहिले असते. फोन करतो, माझ्या पोरांची चौकशी करतो, माझी नाही करत. त्याचंही चूक नाही, एकदा आम्ही दोघांनी मिळून गप्प राहून बाबांना जगवलं होतं, तेच त्याला पुन्हा करायचं होतं. मी वाद घालत नाही. आवाजाचं ओझं माझ्यावर आहे, मी जाईपर्यंत राहील, राहू दे. पण हे दुसरं माझ्यावर नाही. बाबा नाही म्हणाले होते, माझ्याकडे बघून म्हणाले होते, आणि मी ऐकलं. दादा सुखात राहो, त्याची पोरं सुखात राहोत. कधीतरी तोही विचारेल मला, कशी आहेस म्हणून.