दोन दाखले

बाई : आधी पाकिटावर नाव कुणाचं आहे ते वाचा.

कारकून : वाचलं, ताई. तुमच्या मिस्टरांचं. मग त्यांनाच पाठवायचं की, नुसती सही तर हवी आहे.

बाई : त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

कारकून : अरे देवा. माफ करा हं. आमच्या दप्तरी ते अजून ठेकेदारच आहेत. कुणी कळवलंच नाही, आम्ही तरी काय करणार?

बाई : आत काय विचारलंय ते सरळ भाषेत सांगा. चारदा वाचलं, सगळं डोक्यावरून गेलं.

कारकून : सोपं आहे. त्यांनी शाळेच्या जिन्याचा कठडा बसवला होता ना, त्या कामाचे कागद कुणीतरी माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागितलेत. करारात कलम होतं, ठेकेदाराला विचारल्याशिवाय कागद बाहेर द्यायचे नाहीत. म्हणून विचारलं, हरकत आहे का. आता वारस म्हणून तुम्ही लिहा. 'हरकत आहे' म्हणालात तर फाइल बंद. बहुतेक.

बाई : आहे हरकत. घ्या लिहून.

कारकून : कारण लागतं.

बाई : गेलेल्या माणसाचे आणखी किती धिंडवडे काढणार, हे कारण चालेल? कठडा तुटून त्या तीन मुली पडल्या, तेव्हापासून शेवटपर्यंत हे धड दोन घास जेवले नाहीत. अजून घरात साधं भांडं पडलं तरी माझ्या काळजात धस्स होतं. आणि आता हा कोण मेला उकरून काढतोय?

कारकून : नाव सांगायची परवानगी नाही मला. पण ताई, एक विचारू? तुमच्याकडे भाडेकरू आहेत?

बाई : भाडेकरू कसले! मी आणि माझी मुलगी.

कारकून : नाही, मी मघापासून कोड्यात पडलोय. एकाच पत्त्यावर आमची दोन पत्रं गेलीत. एक तुमच्या मिस्टरांना, एक अर्जदाराला.

(तो फाइल तिच्याकडे फिरवतो. ती अर्ज वाचते.)

बाई : अक्षर तिचंच आहे.

कारकून : सगळी फाइल नकोच आहे तिला. कठडा पक्का असल्याचा जो दाखला त्यांनी दिला, तेवढाच हवाय. 'त्यावरची तारीख कळावी', बस. मला तर काही उमगेना. सही कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे, मग तारीख कशाला?

बाई : कोणती आहे?

कारकून : सतरा ऑक्टोबर.

बाई : गेल्या महिन्यात कॉलेजच्या फॉर्मसाठी तिनं कपाटातून जुना दाखला काढला. शाळा सोडल्याचा. त्याच शाळेचा. त्यावर अठरा ऑक्टोबर आहे.

कारकून : म्हणजे... कठडा पक्का आहे म्हणून सही केली, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या पोरीला...

बाई : काढलं. कठडा पडला तो डिसेंबरात.

कारकून : ताई, मी काही ऐकलं नाही. तुम्ही आपलं 'हरकत आहे' लिहा आणि घरी जा. गेलेल्या बापाबद्दल पोरीनं असलं कशाला वाचायचं?

बाई : बापाबद्दल कुठे, साहेब? दाखला आणायला शाळेत मी गेले होते. हे म्हणाले, "कठडा हलतोय, पण वरून दबाव आहे, सही करावी लागली. आपली पोर तेवढी काढून घे." घेतली काढून. फाटकाशी बाकीच्या आया उभ्या होत्या. म्हणाल्या, अगं, वर्षाच्या मध्येच का नेतेस तिला? मी म्हटलं, लांब पडते.

कारकून : आणि त्या आयांना कठड्याचं...

बाई : नाही सांगितलं. कुणालाच नाही. पोरीलाही सात वर्षं तेच सांगत आलेय, लांब पडत होती म्हणून.

कारकून : मग काय लिहू?

बाई : हरकत नाही.

कारकून : कागद तिच्याच हातात द्यावा लागेल हं. तुमच्याकडे नाही देता येणार.

बाई : मग तिला बोलावून घ्या. मी बसते इथेच.