चालू लाइनीवरचं काम

—नाही नाही, बसा, बसा त्या स्टुलावर. या शेजारच्या खाटेवरच्या तुमच्या माणसाला तपासणीला नेलंय ना, एवढ्यात नाही आणायचे. फक्त मोठ्यानं बोला, मला मान उचलायची नाही असा हुकूम आहे, नुसतं छत दिसतं — आणि छताला ओल आहे, बघितलीत? वरच्या संडासाचा सांधा गेलाय. लोक डाग दिसतो तिथं फोडत बसतात, पाणी येतं भलतीकडून. तीस वर्षं प्लंबिंग केलंय, मला झोपूनही दिसतं. पण माझ्याच पाठीत तेच झालं आणि मी दोन वर्षं बूट बदलत बसलो! दहा पावलं चाललो की पाय जड — म्हटलं, बूट जड. चार जोड घेतले, भाऊ. चौथा तर नाचणाऱ्यांचा होता, कागदासारखा हलका. तो घालून जिन्यात बसलो आणि उठताच येईना.

मग डॉक्टरांनी फोटो दाखवला. मणक्यातली एक रक्ताची नळी — जोराची, हृदयाकडून येणारी — ती थेट परतीच्या नळीला जोडलेली. मधे काही म्हणजे काही नाही! टाकीची लाइन मोरीच्या पाइपाला. परतीची नळी तो जोर सोसेल होय? ती फुगली, रक्त तुंबलं, आणि पायांना हुकूम देणारा मज्जारज्जू त्या तुंबाऱ्यात सुजून बसला. मी म्हटलं, कुठल्या गाढवानं केलं हे काम? म्हणाले, कुणी नाही, आपोआप होतं. आपोआप! मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर चप्पल काढेल. मग म्हणाले, फोडाफोड नाही करायची, जांघेतून बारीक नळी घालून मणक्यापर्यंत न्यायची आणि तिच्यातून गोंद सोडून तो सांधा बुजवायचा. म्हटलं वा, झकास — आणि मेन कॉक? तो कुठून बंद करता? तर म्हणाले, तो बंद नाही करत, तुम्ही जिवंत हवे आहात. म्हणजे चालू लाइनीवर काम! हे मी शिकाऊ असतानासुद्धा केलं नाही. वर मला झोपवलं — गिऱ्हाइकाला घराबाहेर घालवून काम करणारा माणूस दिसला की मला संशयच येतो. जाग आल्यावर पहिलं विचारलं, जुना सांधा कुठाय? आम्ही जुना वायसर काढला की गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो, शिस्त आहे ती. म्हणाले, काढलं काही नाही, आतच बुजवलं. पुढं बिघडणार नाही म्हणाले. आणि गेलेलं परत येईल का? तर म्हणे, ते पायच सांगतील.

आमची ही चहा आणायला गेलीय. मीच पाठवली — मला चहा नकोय, तिच्यासमोर पाय हलवून बघायचा नाहीये. आता तुमच्यापाशी काय लपवायचं, गेले आठ महिने सगळं काम तीच करतेय. मी खुर्चीवर बसून पाना कुठला ते सांगायचो, मग सांगायचंही राहिलं, तिला माझ्याआधी कळतं. गेल्या महिन्यात हट्टानं गच्चीवर टाकी बघायला गेलो आणि पाय गेले. नवा कमोड वर ओढायला कप्पी लावली होती. हिनं मलाच दोरात बांधलं, कठड्याला दोराचे दोन वेढे दिले, आणि चार मजले खाली सोडलं. खाली गिऱ्हाईक म्हणतंय, नवा मागवला होता हो, हा वापरलेला दिसतोय! हसा, हसा, मीही हसलो. पण ती खाली आली तेव्हा तिचे तळहात सोललेले होते, आणि तोंड — ते तोंड मला परत बघायचं नाही. पाय गेलेच असतील तर आधी मला एकट्याला कळू दे. तुम्ही परके, तुमचं तोंड कसंही झालं तरी मला छतच दिसणार.

तर भाऊ, एक काम करा. पायाकडं जा, चादर वर करा. उजवा नको, नळी त्याच जांघेतून घातलीय, त्याला हात लावायचा नाही म्हणालेत — डाव्या पायाचा अंगठा. लाजताय काय, धरा चिमटीत. मी हलवतो. धरा की. अहो, धरा ना — कधीचा धरलाय? कधीचा म्हणजे? ... बरं. असू दे. मला नाही कळलं. नाही, सोडू नका, थांबा — लावतो जोर — काय? हलला? समाधानासाठी बोलू नका हं, तुमच्या चिमटीत हलला? आता? परत? अहो, हलला म्हणतोय हा माणूस! रडत नाहीये मी, उताणं झोपलं की डोळ्यांतून येतंच. मला फार, फार भीती वाटत होती हो. — चपला वाजल्या, आली ती. सोडा, सोडा अंगठा, तिला मी सांगणार, तुम्ही काही बघितलं नाही, जा, बाहेर बसा तुमच्या माणसाची वाट बघत. जा म्हणतो ना! — भाऊ? सोडलात ना? मला कळत नाही हो — सोडलात का?