दोरीपलीकडचं पिल्लू

मूल गावच्या बसस्टँडवर गडचिरोलीची बस लागायची होती. शेजारच्या बाकावर एक बाई आणि तिचा मुलगा बसले होते. मुलाची नजर हातातल्या फोनवर होती.

“आला का फोन, मिथुन?”

“नाई, माय. नोकरी राहाते का जाते, आज कळवतो म्हणाली जहाजाच्या ऑफिसातली मॅडम.”

“पाहुण्याचा हात काऊन धरला तू? पैसे भरून येते ते लोक अंटार्क्टिकाचा बर्फ पाहाले.”

“तो दोरी ओलांडून पेंग्विनच्या पिल्लाजवळ गेला, फोटोसाठी. दुरूनच पाहाचा नियम आहे तिथी.”

“आता त्यानं तक्रार केली ना! माफी मागून टाक.”

“पिल्लाची माय मासे घेऊन समुद्रातून आली होती. माणूस पाहून परत पाण्याकडे पयाली. पिल्लू ओरडून राह्यलं होतं. मी का नुसता पाहात उभा राहू?”

“तुया श्रावणमामा बी सफारीत असाच बोलला. वाघिणीजवळ जिप्सी नेत नाई म्हणाला. आता घरी बसला आहे.”

“माहीत आहे, माय.”

“मले झोप नाई लागत, बाबू.”

फोन वाजला. तो उठून खांबापाशी गेला. बोलून परत आला.

“काय म्हणे?”

“नोकरी राह्यली. पण बर्फावर उतराचं नाई. जहाजाच्या किचनमध्येच राहाचं.”

“वाचलो रे बाबा!”

बस लागली. त्यानं पिशवी उचलली.

“चल ना, माय.”

“मंग तिथी दोरीपाशी आता कोण उभं राहील?”